आधमचाचांची आळशी बॅटरी

"बेन, हिला समुद्रात फेकू का?" आधमचाचांनी ड्रिलची बॅटरी माझ्या टेबलावर आपटली.

मांडवीत माझं पंप-ड्रिलच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान आहे. चाचा नदीकाठी लाकडी गलबतं बांधतात. माणूस मोठा कसबी, पण यंत्राशी बोलताना हमरीतुमरीवरच येणार.

"तासाभरात भरायची, आता तीन तास खाते. दुसरीचंही तेच. पुनवेच्या भरतीला गलबत पाण्यात ढकलायचंय आणि माझी माणसं हिच्या तोंडाकडे बघत बसलीयत."

चार्जर त्यांनी सोबत आणलाच होता. बॅटरीच्या पट्ट्यांवर खाऱ्या हवेचा गंज होता, तो कोरड्या ब्रशनं घासला आणि बॅटरी चार्जरला लावली. पन्नास मिनिटांत पूर्ण भरली. चाचा खूश होऊन गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन. "तुमच्या दुकानातली वीज गोड असते का हो? इथं पुन्हा तेच!"

मी मीटर घेऊन निघालेच. चार्जर पत्र्याच्या शेडमध्ये होता. वीज तपासली, बरोबर. बॅटरी, चार्जर तर काल माझ्यासमोर चालले होते.

"मग काय, जिन बसलाय?" चाचा म्हणाले.

"बसला असेल तर घामानं निथळत असेल बिचारा."

तेवढ्यात एका कारागिरानं ड्रिलमधून बॅटरी काढली आणि थेट चार्जरवर चढवली. दिवा स्थिर राहायच्या ऐवजी लुकलुकू लागला. मी बॅटरी उचलून चाचांच्या तळहातावर ठेवली.

"हाय अल्ला! चटका बसला की!"

"सागात भोकं पाडून तापलेली, वर पत्र्याची भट्टी. अंगात ताप असताना कुणी जेवतं का? ती निवेपर्यंत चार्जर वाट बघतो. काल माझ्याकडे येईपर्यंत स्कूटरवर वारा खाऊन गार झाली होती. आधी चार्जर कुठं असायचा?"

"गलबताच्या पोटात. वर फळ्या बसल्या, अंधार झाला, म्हणून महिन्यापूर्वी इकडं आणला."

"परत सावलीत न्या. बॅटरी अर्धा तास निवू द्या, मग लावा."

"बादलीत बुचकळली तर?"

"पाणी लावलंत तर मी पुन्हा पाऊल टाकणार नाही."

चाचांनी तिसरी बॅटरी घेतली. एक कामावर, एक गार होत, एक चार्जरवर. दुसऱ्या दिवसापासून ड्रिल थांबलं नाही.

पुनवेच्या आदल्या दिवशी त्यांनी मला शिडीनं वर बोलावलं. "शेवटचं भोक तुम्ही पाडा."

ड्रिलं दुरुस्त करून माझे हात झिजले, पण गलबताच्या फळीत भोक कधी पाडलं नव्हतं. खांदा टेकवला, घोडा दाबला. भुसा तोंडावर उडाला.

"सरळ धरा, सरळ!" खालून सगळे ओरडत होते.

चाचांनी वाकून भोकातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"सरळ आहे," ते म्हणाले, जरा नाराजीनंच, आणि बोल्ट मागवला.