चंपूला लिहिताना

चैत्राची सकाळ कृष्णाकाठी उतरते ती पिवळी होऊनच. शिजवलेली हळद शेताशेतांतून वाळत पडलेली. पिवळी माती, पिवळा वारा, सांगलीच्या रस्त्यावरची धूळसुद्धा पिवळी. नदीचे निळे-संथ पाणी त्या सुवर्णधुळीत दिवसभर मंद मंद मळत राहते.

त्या पीतप्रभेत, माडीवरच्या खिडकीशी, शहात्तर वर्षांच्या कुमुदताई संगणकासमोर बसतात आणि चिडतात. रोज बसतात. रोज चिडतात.

ब्लॉग त्यांना उघडून दिला नाशिकच्या भाचीने, वृषालीने. वृषाली दीड वर्षाची असताना तिची आई गेली. ती आई म्हणजे कुमुदताईंची थोरली बहीण, चंपू. चंपूशी भांडलेले, चंपूच्या कुशीत झोपलेले माणूस आता जगात एकच उरले आहे.

"मावशी, आई कशी होती ते मला लिहून दे," वृषाली म्हणाली होती. "लगेच नको. रोज काहीबाही लिहीत जा, हात मोकळा होऊ दे. मग तिच्यावर लिही."

पण हात बांधला गेला होता तो आजचा नव्हे. चाळीस वर्षे कुमुदताईंनी गावोगावच्या लग्नांना मंगलाष्टके लिहून दिली. नवरीचे नाव बदलायचे, गावाचे नाव बदलायचे. वेल तीच, वृक्ष तोच, दोन्ही कुळे तशीच उजळलेली. शेकडो नवऱ्या त्या एकाच वेलीवर फुलल्या आणि आपापल्या घरी निघून गेल्या.

म्हणून आता त्या सकाळीवर लिहू लागल्या की सकाळ नवरी होई, अरुणवसना, दवबिंदुभूषिता. कढीपत्त्यावर लिहू लागल्या की तो पानापानांतून लाजे. मोडक्या चष्म्यावरचा लेखसुद्धा सर्वांचे कल्याण चिंतूनच उठे. दिवसामागून दिवस, लेखामागून लेख. शब्द गोंडस, शब्द गुळगुळीत, शब्द हातातून निसटणारे. आणि त्या साऱ्या शब्दांपलीकडे कुठेतरी चंपू, दर दिवसाला थोडी अधिक धूसर.

दोनशे चौदाव्या दिवशी धीर करून त्यांनी चंपूवर लिहिले. वात्सल्यसिंधू. त्यागमूर्ती. मंदस्मितवदना. दुपारी वृषालीचा फोन आला.

"मावशी, रागावणार नाहीस ना?"

"बोल."

"यात आई दिसत नाही गं. कुणाचीही आई चालेल इथं. वाचून झाल्यावर अक्षता टाकायच्या का, तेवढं सांग."

"मग तूच लिही की. बघू तुला काय आठवतं ते."

 

"मला काही आठवत असतं," वृषाली हळू म्हणाली, "तर तुझ्या मागे लागले असते का?"

फोन ठेवल्यावर कुमुदताईंचे कान तापले. राग भाचीचा, राग स्वतःचा, राग त्या चाळीस वर्षांच्या गोड, आज्ञाधारक ओळींचा. त्यांनी वात्सल्य पुसले. सिंधू पुसला. मंदस्मित पुसले. पुसता पुसता पडदा पांढरा झाला. पांढरा, रिकामा, निर्लज्ज पांढरा. दोनशे चौदा दिवसांचे फळ ते एवढेच.

मग रागाच्या भरातच बोटे आपटली.

'चंपू चोर होती. उडदाच्या पापडांच्या लाट्या करून ठेवल्या की त्यातली एक कच्चीच तोंडात कोंबायची. आईनं विचारलं की तोंड मिटून, मान हलवून नाही म्हणायची. गाल फुगलेला असायचा तरी. मार मला बसायचा.'

वेल नाही. वृक्ष नाही. आशीर्वाद नाही. लाज वाटली, तरी त्यांनी ते तसेच ब्लॉगवर टाकले.

चहा निवायच्या आत खाली वृषालीची एकच ओळ उमटली.

'कोणत्या गालात?'

कुमुदताई पुन्हा चिडल्या. हे कोण लक्षात ठेवतं. पासष्ट वर्षांपूर्वीचा एक गाल. पण प्रश्न तिथेच उभा होता, लहान, हट्टी, भुकेला. त्यांनी डोळे मिटले.

इतकी वर्षे चंपू त्यांच्या मनात समोर बघत उभी होती. निश्चल, निमूट, फोटोतल्यासारखी. आता ती पाटावर बसली होती. पाठमोरी. वेणी खांद्यावरून पुढे घेतलेली, लाटणे हातात, लाटणे थांबलेले. आईची चाहूल घेत, तेलकट बोटे परकराला पुसत, हळू, अगदी हळू, तिने मान वळवली. आणि तो गाल दिसला. डावा. टम्म फुगलेला, उडदाच्या पिठाने पांढरा, हसू दाबता दाबता थरथरणारा.