आठ नंबरचा पाय

माणूस पहिल्यांदा बूट घालून उभा राहिला, त्या दिवशी संस्कृतीचा जन्म झाला. हे वाक्य आमच्या बुटांच्या कारखान्याच्या फाटकावर पितळी अक्षरांत आहे. ते लिहिणारे थोरले मालक पायांना सूज असायची म्हणून आयुष्यभर कापडी सपातांत वावरले. पण सपातांचा उल्लेख पितळेत बसला नसावा.

या कारखान्यात एका माणसाला सगळे ‘आठ नंबर’ म्हणत, कारण पुरुषांच्या आठ नंबरी बुटाचं माप म्हणजे त्याचा पाय. नव्या डिझाइनची पहिली जोडी त्याने घालायची, रबरी पट्टीवर दोनशे पावलं चालायचं आणि सांगायचं, “करंगळीला चावतो,” किंवा “टाच सुटते.” मग कटिंगमास्तर कागदी नमुना सूतभर इकडचा तिकडे करत. एकोणीस वर्षं हेच चाललं होतं. नोकरीची अट एकच होती, पाय जपायचे.

पन्नाशीनंतर त्याची टाच दुखायला लागली. कारखान्याने सहा जोड्या फुकट दिल्या. प्रत्येक जोडीत टाच वेगळ्या तऱ्हेने दुखे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “गवतावर अनवाणी चालून बघा. काहींना मानवतं, काहींना नाही. आणि काचा बघून चाला.” वैद्यकशास्त्राचा या गोष्टीशी असलेला संबंध इथे संपतो.

घराजवळच्या मैदानात त्याने पहाटे बूट काढले. पहिले चार दिवस त्याला फक्त खडे कळले. मग गवत कळायला लागलं. दवाने भिजलेलं वेगळं, वाळकं वेगळं, काल कापलेलं वेगळं. जेवणाच्या सुट्टीत तो डबा तसाच ठेवून सांगायचा, “सावलीतलं सिमेंट आणि उन्हातलं सिमेंट हे दोन निराळे पदार्थ आहेत.”

“आणि चिखल?” कोणीतरी विचारायचं.

“चिखल म्हणजे…” एवढं म्हणून तो थांबे, आणि त्याच्या चेहऱ्यावर असा काही भाव येई की संसारी माणसांनी विषय बदलावा.

मैदानात एक निवृत्त ड्रिलमास्तर भेटत. त्यांच्या मते अनवाणी चालण्याने झोप लागते, तोल सुधारतो, पोट साफ होतं, चष्मा उतरतो आणि सुना सरळ वागतात. आठ नंबरला झोपेचं पटलं. टाचही दुखायची थांबली होती. चष्मा मात्र होता तिथेच होता. त्याने बूट घालणंच सोडलं. कारखान्यात अनवाणी यायचा, दोनशे पावलांपुरता बूट चढवायचा आणि कामावरून सुटलेल्या माणसासारखा तो काढून टाकायचा.

असं वर्ष गेलं आणि दुकानदारांकडून बाराशे जोड्या परत आल्या. सोबतच्या चिठ्ठीवर एकच शब्द होता, ‘सैल’. मॅनेजरसाहेबांनी खोक्यांना पुरावा ठरवलं, कोणी हात लावू नये म्हणून त्यांवर लाखेचे शिक्के मारून ती गोदामात ठेवली आणि आठ नंबरला बोलावलं.

एकोणीस वर्षांपूर्वी पेन्सिलीने काढलेली त्याच्या पायाची आकृती फायलीत होती. कटिंगमास्तरांनी ती जमिनीवर अंथरली. त्याने वर पाय ठेवला. रेषा पायाखाली दिसेनाशा झाल्या.

“पाच मिलिमीटर,” मास्तर पुटपुटले. त्यांना वाईट वाटत होतं, पण माप म्हणजे माप.

“अंथरूण पाहून पाय पसरावेत,” साहेब म्हणाले. “तुम्ही कंपनीचा पाय पसरलात.”

“कंपनीचा कधी झाला तो?”

“मग पगार कशाचा घेता?”

“चालण्याचा.”

साहेबांनी एक हमीपत्र पुढे सरकवलं. सहा महिने चोवीस तास बूट घालायचे, झोपतानाही. म्हणजे पाय पूर्ववत होईल. सोमवारपर्यंत सही, नाहीतर नोकरी गेली.

घरी बायकोने हमीपत्र दोनदा वाचलं.

“करा की सही. सहाच महिने तर आहेत.”

“झोपताना पण बूट आहेत त्यात.”

“मग बाहेरच्या खोलीत झोपा. निवृत्तीला तीन वर्षं राहिली आणि तुमचं डोकं पायात गेलंय.”

“अगं, एकोणीस वर्षं हा पाय कुठे दुखतं तेवढंच सांगत आला. आत्ता कुठे त्याला काय आवडतं ते सांगायला लागलाय.”

“पाय खूश आहे, ठीक. पोटाला विचारलंत?”

“विचारलं. तेही साफ आहे.”

“तुमच्याशी बोलण्यापेक्षा भिंत बरी,” ती म्हणाली. हमीपत्र मात्र तिने चुरगळू नये म्हणून नीट पुस्तकात ठेवलं.

सोमवारी साहेबांनी सगळा विभाग जमवला होता. टेबलावर जुन्या आकृतीबरहुकूम शिवलेली नवी जोडी चकाकत होती.

“साहेब, पाय पसरलेला नाही, परत आलाय,” आठ नंबर म्हणाला. “आधी तो बुटाच्या आकाराचा होता, आता पायाच्या आकाराचा आहे. तुम्हाला पहिलाच हवा असेल तर लाकडाचा करून घ्या. तो झोपतानाही बूट घालेल.”

“म्हणजे बाराशे जोड्या सैल झाल्या त्या तुमच्यामुळे, हे कबूल?”

कटिंगमास्तरांनी त्याच्याकडे पाहत मान हलवून ‘नाही म्हण’ असं सुचवलं. नाही म्हटलं असतं तर चौकशी लांबली असती, आणि आमच्याकडची चौकशी निवृत्तीपर्यंत सहज लांबते.

“कबूल,” तो म्हणाला. “आणि बरंच झालं. बाराशे गिऱ्हाइकांच्या बोटांना थोडी हवा लागली.”

त्याने हमीपत्र उलटं केलं, मागच्या कोऱ्या बाजूवर तीन ओळींत राजीनामा लिहिला आणि शिलाईच्या दालनातून चालत निघाला. जमिनीवर चामड्याच्या कातरणी होत्या, दाराशी गार लोखंडी पट्टी, पुढे खडी. खडीवर त्याने पाऊल जरासुद्धा आवरलं नाही. मागे एका शिलाईवाल्या बाईने मशीनखाली हळूच चपला काढल्या, मग तिच्या शेजारणीने. दुपारी नोटीस लागली की यापुढे मशीनखालचे पाय कधीही तपासले जातील.

सव्वा महिन्याने गोदामात जागा हवी म्हणून शिक्के फोडून खोकी उघडली. बाराशेच्या बाराशे जोड्या बायकांच्या होत्या, पाच नंबर.