उत्तरेचा बाण

"मॅडम, आत सरका. तिथे भाजाल," सिक्युरिटीवाली म्हणाली.

रेघाबाई काही सरकल्या नाहीत. हातात ड्रॉइंगची गुंडाळी, कपाळावर आडवा पंजा आणि तोंडावर दुपारी साडेतीनचं सरळ ऊन. सात मजल्यांचा नुसता सांगाडा उभा होता. त्याच्या तळमजल्यावर, पुढे काच लागणार त्या कडेला त्या उभ्या होत्या. ड्रॉइंगप्रमाणे ही बाजू उत्तरेची. उत्तरेला थेट ऊन येत नाही, म्हणून तर ती खालपासून वरपर्यंत मोकळ्या काचेची ठेवली होती.

"रोजच येतं का हो इथे?"

"काय, ऊन? मग आज काय तुमच्यासाठी बोलावलंय? दोन वाजले की मी खुर्ची उचलून पलीकडे पळते. दुपारचं इथे कुत्रं पण टेकत नाही."

रेघाबाईंनी गुंडाळी जमिनीवर सोडली, चार कोपऱ्यांवर चार विटांचे तुकडे ठेवले आणि वाकून बघितलं. मग तुकडे काढून कागद हळूच पाव फेरा फिरवला. झालं. आता सगळं बरोबर बसत होतं, उत्तरेचा बाण सोडून.

"काही हरवलं का?" सिक्युरिटीवालीने विचारलं.

"सापडलं," रेघाबाई म्हणाल्या.

एकतीस वर्षं त्या दुसऱ्यांच्या इमारती काढत होत्या. रेघ अशी की ऑफिसात खरं नाव सगळे विसरले, रेघाबाईच राहिलं. शीटच्या कोपऱ्यात दोन चौकटी असतात, 'ड्रॉन बाय' आणि 'डिझाइन बाय', म्हणजे रेघा कुणाच्या आणि डोकं कुणाचं. एकतीस वर्षं नाव पहिल्या चौकटीत. ही इमारत सोडून. हिचं बाहेरचं अंग त्यांनी स्वतः डोकं चालवून बसवलं होतं. ऊन येईल तिथे अ‍ॅल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या, नाही येणार तिथे मोकळी काच, म्हणजे उजेड आत, तापणं बाहेर, आणि एसी निम्म्यावर. साहेबांनी बघितलं आणि म्हणाले, बाई, डिझाइनला तुमचं नाव टाका. घरी सासूबाईंनी त्याच संध्याकाळी शेजारच्या वहिनींना सांगून टाकलं. त्यांना वाटलं नाव इमारतीवरच लागणार, दिव्यांचं.

आणि चूक काय, तर कागद आडवा आणि इमारत उभी. बसेना, म्हणून बाईंनी नकाशा फिरवून आडवा घातला. आयुष्यभर हेच केलेलं. पूर्वी ड्रॉइंगच्या फळ्यावर कागद फिरवला की त्यावरचा उत्तर दाखवणारा बाणही फिरायचा, एकाच कागदावर ना दोन्ही. कॉम्प्युटरवर नकाशा फिरतो, पण बाण असतो तयार चौकटीत. तो जागचा हलत नाही, वरच बघत बसतो. पश्चिमेला उत्तर म्हणत बसला. कॉम्प्युटरने उन्हाचा सगळा हिशोब त्या बाणावर विश्वास ठेवून केला. साइटवर यायचं तर साहेब सकाळचे येऊन जातात, सकाळी इथे सावलीच असते. आणि ड्रॉइंगवाल्यांना साइट कोण दाखवतं? आज त्या आल्या त्याही हट्टाने, पट्ट्या उद्या कापायला जाणार म्हणून एकदा जागा डोळ्यांनी बघायला.

रिक्षात बसल्यावर एकदा मनात आलं, कुणाला कळणार आहे? काच लागेल, लोक येतील, बसतील घाम पुसत. म्हणतील, हल्ली गरमीच वाढलीय. ऑफिसचा जिना चढेपर्यंत ते मनात होतं, खोटं कशाला बोला.

साहेब फोनवर होते. त्यांनी हातानेच बसा म्हटलं. बाई उभ्याच राहिल्या. फोन संपला.

"बोला बाई. उद्या सकाळी जातायत ना पट्ट्या?"

"थांबवा. उत्तर चुकलंय."

"कसलं उत्तर? पत्र आलंय का कुणाचं?"

"उत्तर दिशा, साहेब."

त्यांनी शीट टेबलावर पसरून दाखवलं. साहेबांनी चष्मा काढला, परत लावला. बराच वेळ बाणाकडेच बघत राहिले.

"आणखी कुणाला माहितीय?"

"साइटवरच्या सिक्युरिटीवालीला. तिला चार महिने माहितीय."

साहेबांना हसू आलं नाही. "पडदे लावतील हो बाई. सगळीकडे लावतातच."

"पडदा ओढला की अंधार. अंधार झाला की भर दुपारी दिवे. दिवे तापतात म्हणून एसी आणखी जोरात. मग काच कशाला लावताय? भिंत बांधा, स्वस्तात पडेल."

"चिडताय कुणावर?"

"बाणावर," बाई म्हणाल्या. मग खाली बघून, "माझ्यावर."

साहेब खुर्चीत मागे रेलले. आवाज उतरला. "सुधारायला किती वेळ?"

"पट्ट्यांची बाजू बदलायची, माप तेच ठेवता येईल. सहापर्यंत देते."

"ते ठीक. पण इमारतीच्या मालकाला सांगावं लागेल. तो विचारणार, चूक कुणाची. आणि ज्यांची चूक त्यांचंच नाव डिझाइनला, हे मी कुठल्या तोंडाने सांगू?"

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं टुंटुं बराच वेळ वाजत राहिलं.

"नका सांगू," बाई म्हणाल्या. "तिथे तुमचं टाकते."

साहेब काहीतरी बोलणार होते. बाई तोवर गुंडाळी करून बाहेर पडल्या होत्या.

सहाला पाच कमी असताना काम झालं. 'डिझाइन बाय'मध्ये त्यांनी साहेबांचं नाव घातलं. शीटच्या उजवीकडे, वर, 'रिव्हिजन'ची बारीक पट्टी असते. काय बदललं, का बदललं, कुणी बदललं. साहेब पाठीमागे येऊन उभे राहिले. "तांत्रिक कारण लिहा," म्हणाले. "सगळे तेच लिहितात. पूर्ण नाव नका टाकू, तिथे नुसती आद्याक्षरं पुरतात."

बाईंनी तसं टाइप केलं. साहेब गेले. मग बाईंनी ते पुसलं आणि लिहिलं, 'उत्तरेचा बाण चुकीचा दाखवला होता. बाजू सुधारल्या.' पुढच्या रकान्यात, अक्षर बारीक करून, अगदी बारीक करून, स्वतःचं नाव पूर्ण बसवलं.

मशीनमधून शीट सावकाश बाहेर आलं. शाई ओली होती. रेघाबाईंनी ते दोन्ही कडांनी धरलं, हातभर लांब, आणि वाळेपर्यंत तसंच धरून उभ्या राहिल्या.