ढेकळ्या अजूनही पहिलाच उतरतो

मी ढेकळ्या बोलतोय. हसू नका, नाव मी ठेवलेलं नाही. मी व्हिडिओ गेममधला राक्षस आहे. मातीचं अंग, दगडाचं डोकं, आणि पाय असे आखूड की जणू माती संपत आल्यावर आठवणीने लावलेत. मालकाने बटण दाबलं की समोरच्या राक्षसाशी लढायचं, एवढंच माझं काम.

माझा मालक न्हावी. दोन खुर्च्यांचं दुकान. त्याच्या लेकीचे केस कधी विंचरलेले नसायचे, म्हणून तो तिला झिपरी म्हणतो. गेम खरं तर तिचा. सुरुवातीला तीन राक्षसांतून एक निवडायचा असतो. तिला आगीचा हवा होता. मालक एकाची दाढी अर्धी सोडून डोकावला आणि म्हणाला, "तो ढेकळासारखा आहे ना, तो घे. टिकाऊ दिसतोय." गिऱ्हाईक फेसासकट बसून राहिलं आणि इकडे माझा जन्म झाला.

काय दिवस होते ते! माझा 'दरड' नावाचा वार पडला की भलेभले आडवे व्हायचे. झिपरी नोकरीसाठी परगावी गेली तेव्हा तिने स्वतःला गेम खेळायचं नवं यंत्र घेतलं आणि जुन्या यंत्रासकट मला मालकाकडे ठेवलं. "बाबा, दुकानाला सुट्टी असेल तेव्हा आपण फोनवर बोलत खेळू," म्हणाली. मालक सरावासाठी दुकानातही खेळे. मध्येच गिऱ्हाईक आलं की यंत्र तसंच टाकून वस्तरा हातात घेई. आमच्यात असं आहे, ठरलेल्या वेळात वार निवडला नाही, तर यंत्र आपलं आपण यादीतला पहिला वार मारून मोकळं होतं. माझा पहिला वार दरडच, त्यामुळे मालक दाढी करत असतानाही मी जिंकायचो.

मग नवे आले. कुठल्याशा ऑफिसात बसलेली माणसं सारखे नवे राक्षस घडवतात, आणि नवा विकला जायचा तर तो जुन्यापेक्षा दांडगा लागतोच. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. आमच्याकडे दहाव्या दिवशी त्याहून नवा हजर! माझं कुणी काही काढून घेतलं नाही. मी होतो तेवढाच होतो. पण सगळे वाढले की आपण आपोआप बुटके ठरतो. व्यायाम करावा म्हटलं, तर माझी ताकद जन्मतःच लिहून ठेवलेली.

झिपरीला हे कळत होतं. तिच्याकडे वीजपंखी नावाची नवी पक्षीण होती. तिची वीज पडली असती तर माझा भुगा झाला असता. पण झिपरी वीज सोडायचीच नाही. यादीत सगळ्यात खालचा मवाळ वार निवडायची, फुंकर. "अगं बाई! बाबा, परत माझा नेम चुकला," वर हे आणि. मालक मांडीवर थाप मारायचा. "जुनी कात्री आहे ही, झिपरे! हाताला बसलेली."

मला कळायचं हो, वार अंगावर घेणारा मीच ना! पण झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून गप्प राहिलो. गप्प कसला, बोलायला तोंड कुठे दिलंय मला!

एकदा कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात सामने ठरले. मालकाने नाव दिलं आणि येईल त्या गिऱ्हाइकाला माझं कौतुक ऐकवलं. गळ्याशी वस्तरा असताना पळणार कुठे बिचारे? झिपरी फोनवर म्हणाली, "बाबा, कशाला उगाच? तिथे लोक फार तयारीचे असतात."

"म्हणजे? तुला हरवतो ना मी?"

"सांभाळून खेळा," एवढंच म्हणाली.

मालक इस्त्रीचा शर्ट घालून गेला. समोर बँकेतली कॅशियर बाई बसली होती, तिच्याकडेही वीजपंखी. मी उतरलो. बाईने वीज सोडली. पाय रोवायच्या आत मी संपलो. दरड माझ्या अंगातच राहिली.

"अय्या, हा मातीवाला घेऊन अजून खेळतं कुणी?" बाई मनापासून खूश झाली. "माझा फार लाडका होता, काका."

"पण माझी लेकसुद्धा हीच पक्षीण घेऊन खेळते," मालक म्हणाला. "आणि दर वेळी मी जिंकतो."

"मग ती मुद्दाम हरत असेल."

बाईच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मागे कुणीतरी खुसखुसलं आणि मालकाचे कान लाल झाले.

घरी येऊन त्याने मला फळीवर ठेवलं, पावडरच्या डब्यामागे. सुट्टीला फोन वाजला, वाजून वाजून थांबला. पुढच्या सुट्टीलाही तेच. "वेडा समजते मला," तो आरशाला म्हणाला. मला ओरडून सांगायचं होतं, अरे बाबा, तिने तुला फसवलं नाही रे, तुझी हौस जपली! पण बटणाशिवाय माझी डरकाळीही फुटत नाही. थोड्या दिवसांनी बॅटरीही संपली.

शेवटी एका सुट्टीला त्याने यंत्र चार्जिंगला लावलं आणि स्वतःच फोन केला. "झिपरे, ये खेळायला. पण आज खरं मार."

"बाबा... कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगितलं कुणीतरी. मार."

"नको ना, बाबा."

"मार म्हणतो ना!"

झिपरीने काहीच निवडलं नाही. फोनमधून नुसतं तिचं मुसमुसणं ऐकू येत होतं. वेळ सरत चालली. पुढचं मला दिसत होतं, पण बाजूला व्हायची सोय मला नाही. वेळ संपली आणि यंत्राने तिच्या यादीतला पहिला वार निवडला. वीज.

मी एका फटक्यात आडवा.

मग मालकाने घसा खाकरला. "लागलं गं त्याला."

"सॉरी, बाबा."

"जेवलीस का?"

"नाही अजून."

"जेवून घे आधी. आणि पुढच्या सुट्टीला फुंकरच मार. मला कळलंय, हे तू विसर. मी पण विसरतो."

तेव्हापासून दर सुट्टीला मी पहिला उतरतो आणि जिंकतो. खोटं खोटं. तिघांनाही ठाऊक आहे, आणि "नेम चुकला" अजून म्हटलं जातं.

आता ऐकतोय की गेमच्या नव्या आवृत्तीत आम्हा जुन्यांना जागाच नाही. गेम बनवणाऱ्यांनो, हवे तेवढे दांडगे राक्षस घडवा, मी अडवणारा कोण? मला एखादा कोपरा तेवढा ठेवा. मला जिंकायचं नाही हो. पण लेकीला सहज म्हणून फोन करणाऱ्यांतला माझा मालक नाही.