भागम्माची हरकत

कलबुर्गीजवळच्या आळंदच्या नव्या विकास आराखड्यात भागम्माच्या वस्तीवर जांभळा रंग आला आणि तिच्या घरात तेढ पडली. जांभळा म्हणजे कारखान्यांची जागा. तिथं तूरडाळीच्या गिरण्या येणार होत्या. तिचा मुलगा प्रशांतकुमार खुशीत होता; एका गिरणीवाल्याशी जागा विकायची त्याची बोलणीही झाली होती.

"अव्वा, अशी संधी परत न्हाई. तू गप बस."

पण जागा भागम्माच्या नावावर होती. त्याच जागेत, लिंबाखाली, तिच्या नवऱ्याची समाधी होती.

शेजारची राजश्री शाळेत शिकवायची. तिनं नुकतंच घर बांधलं होतं. एके दिवशी ती येऊन म्हणाली, "अक्का, मुदतीत हरकत घेता येते. ज्याची जागा, त्याचा हक्क. मी घेतलीय. तुम्ही घेताव का?"

"पोराच्या विरोधात?"

राजश्री उठून घरी गेली. पण दुसऱ्या दिवशी भागम्मा आपणहून तिच्या दारात गेली आणि अर्जावर अंगठा उमटवून आली.

सुनावणीला प्रशांतकुमारही आला. आईच्या आधी तोच उठला. "साहेब, आमची हरकत न्हाई. अव्वाला कुणीतरी भरवलंय."

"जागा कुणाच्या नावावर आहे?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"माझ्या." भागम्मा उठली.

"समाधीसाठी हरकत घेतलीत का?"

नुसतं व्हय म्हणून बसता आलं असतं. "समाधीचं दुःख माझं हाय, साहेब. ते मी गिळीन. पण तिथं माणसं राहायलेत. डाळीचा भुस्सा रातंदिस लेकरांच्या छातीत जाईल. घरं बांधायला परवानगी तुम्हीच दिली ना? मग आता कामून बदलायलाव?"

अधिकाऱ्यानं सगळं लिहून घेतलं. प्रशांतकुमार आईकडं न बघता निघून गेला.

उन्हाळ्यात अंतिम आराखडा लागला. वस्ती घरांचीच राहिली. गिरण्यांची जागा गावाबाहेरच्या माळावर गेली. राजश्री पेढे घेऊन आली. भागम्मानं एक घेतला, पण तोंडात न टाकता समाधीपुढं नेऊन ठेवला. आदल्याच दिवशी प्रशांतकुमार बायकोपोरांना घेऊन कलबुर्गीला राहायला गेला होता. जाताना पाया पडला, बोलला मात्र नाही.

पुढं फोन केला की सूनच उचलायची.

दसऱ्याला भागम्मा एकटीच बसनं कलबुर्गीला गेली. दार प्रशांतकुमारनंच उघडलं. तिच्या हातातली पिशवी घेत हळूच म्हणाला, "जेवलीस का, अव्वा?"