पहिल्या खुंटीवरची क्लिप

“ही नको,” वहिनी म्हणाली आणि क्लिप उचलून सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली.

“अगं, काय झालं तिला? चांगली तर दिसत होती,” मी म्हटलं.

“दिसायला चांगलीच आहे. फिरताना घासते.”

शनिवारची दुपार होती. ओव्हनमध्ये पेस्ट्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या, भाजत होत्या आणि टेबलावर माझ्या भावाचं, रीनोचं, रिकामं रिव्हॉल्व्हर उघडं पडलं होतं. मून क्लिप म्हणजे पातळ पोलादाची एक चकती. तिच्या खाचांत सहा काडतुसं बसवायची, म्हणजे सहाच्या सहा एका दमात रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रात जातात. पण चकती केसभर जरी वाकलेली असली, तरी चक्र अडतं आणि चाप दाबून बोट दुखलं तरी बार निघत नाही. म्हणून लेंपीवहिनी आधी रिकामी टरफलं लावून प्रत्येक क्लिप चक्रात टाकायची, चक्र मिटायची आणि बोटानं सावकाश फिरवत कान लावून ऐकायची. काडतुसं एकाच कंपनीची, गोळ्या गोल नाकाच्या, म्हणजे भोकाच्या कडेला अडकायला नकोत. नेमबाजीच्या क्लबातले सगळे म्हणायचे, लेंपीची क्लिप हातातून सुटली की आपली आपण चक्राच्या भोकांत जाते. आणि या बाईनं जन्मात एक गोळी झाडली नव्हती. आवाजाला घाबरते म्हणायची.

तेवढ्यात रीनो आत आला.

“काय बायांनो, कुणाची चुगली चाललीय?”

“तुझीच. दुसरं आहे कोण आम्हाला?” मी म्हटलं.

“मग चालू द्या. उद्याची स्पर्धा जिंकलो की तोंडं बंद होतील तुमची.” असं म्हणत त्यानं डाव्या हातानं कॉफीचा कप उचलला. उचलला, आणि दोन पावलांवर तो फरशीवर पडून फुटला.

“कान तुटला वाटतं कपाचा,” तो म्हणाला आणि झाडू आणायला गेला.

मी खाली वाकून तुकडे गोळा केले. कान शाबूत होता. मी तो वहिनीला दाखवला, तशी तिनं माझ्या हातातून काढून घेतला आणि कचऱ्यात खाली दडपला.

“हिवाळ्यापासून असंच चाललंय,” ती हळूच म्हणाली. “हातात काही धरलंय हेच त्याला कळत नाही. डॉक्टरकडे चल म्हटलं, तर म्हणतो थंडीनं हात झोपतो. मे महिना लागला, एल्मा! कसली थंडी?”

“अगं, मग उद्या त्याला जाऊ कशाला देतेस? भरताना सगळी बंदूक डाव्या हातात असते त्याच्या.”

“मला सांगतेस? रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही माझ्या. कधी तो हात वळेल, नळी कुणाकडे फिरेल, कुणाचं पोर मरेल... देवा!” मला वहिनी इतकी घाबरलेली कधी दिसली नव्हती.

“गॉर्डीला सांगून टाक. तोच बघतो ना सगळं मैदानावर?”

“आणि मग? खाण बंद पडली तेव्हा काय झालं होतं आठवतंय ना? तिथल्या पंपांच्या दुरुस्तीची अवजारं परत करून आला आणि अख्खा उन्हाळा अंगणातल्या सौनाच्या, त्या वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीवर बसून काढला. हा क्लब होता म्हणून माणूस उठला. आता हेही काढून घ्यायचं? आणि तेही मी?”

रीनो झाडू घेऊन आला आणि आम्ही पेस्टीत गाजर जास्त पडलं की काय यावर बोलायला लागलो.

रविवारी सकाळी मैदानावर झाडांच्या सावलीत, आमच्या उत्तरेकडे मे महिन्यातही असतो तसा, अजून घाणेरडा बर्फ साचलेला होता आणि काळ्या माश्यांनी जीव नकोसा केला होता. आमचं मैदान म्हणजे पाइनच्या जंगलातली जुनी खडीची खाण. समोर मातीचा उंच बांध, दोन्ही बाजूंना लाल खांब, मागे लाकडी बाकं. नियम एकच, पण कडक. नळी बांधाकडे. खांबाच्या अलीकडे जरा जरी फिरली, तर माणूस त्या क्षणी बाद. क्लिपा अडकवायच्या खुंट्यांचा कमरेचा पट्टा काढायचा आणि घरी जायचं. मग तो कोणी का असेना. हा नियम क्लबात रीनोनंच आणला होता. गॉर्डीला बंदूक धरायलाही त्यानंच शिकवलं, आणि आज तोच गॉर्डी कानांवर आवाज अडवणारी टोपणं लावून, हातात वेळ मोजायचं यंत्र घेऊन नेमबाजांच्या मागे उभा होता.

मी गुण लिहायला बाकावर बसले होते. वहिनी शेजारी येऊन बसली. चेहरा पांढराफटक.

“एल्मा, मी एक केलंय.”

“काय केलंस?”

“पक्कड घेऊन एक क्लिप वाकवली. पट्ट्याच्या पहिल्या खुंटीवर तीच लावलीय. पहिले सहा बार तो खिशातल्या क्लिपचे मारील, ते ठीक होतील. मग खुंटीवरची घालेल, की चक्र अडेल. बंदूक बंद. बंद बंदुकीनं कुणाला लागत नाही ना? बंदूक बिघडली म्हणतील, हात बिघडला असं कुणी म्हणणार नाही. आणि आम्ही घरी जाऊ.”

ती हे सगळं एका श्वासात बोलली. माझ्याकडे अशी बघत होती, की मी म्हणावं, बरं केलंस.

मी स्वतः थोडीफार नेमबाजी करते, मला माहीत आहे अडलेल्या बंदुकीचं माणूस काय करतो ते.

“वहिनी, अगं, अडलं की तो तशीच खाली ठेवेल होय? तो पुन्हा उघडणार. डाव्या हातात घेणार, वळवून बघणार, ओढाताण करणार. आत सहा जिवंत काडतुसं! एरवी पटकन भरून झालं असतं, तेच आता वेळ खाणार ना!”

वहिनीचा हात तोंडावर गेला. तिला खरंच सुचलं नव्हतं. क्लिपचं सगळं कळायचं तिला, पण क्लिप हातातून गेल्यावर पुढे काय होतं, ते तिनं नेहमी कान झाकून आणि डोळे मिटूनच पाहिलं होतं.

“रीनो कांगास!” गॉर्डीनं पुकारा केला.

“थांबव त्याला,” मी म्हटलं. ती उठली, पण तोवर रीनो रेघेवर गेला होता. खिशातली क्लिप त्यानं घातली, चक्र मिटलं, आमच्याकडे वळून डोळा मारला.

“नेमबाज तयार?” आणि यंत्र वाजलं.

सहा बार, नेमाचे सहाही पत्रे आडवे. खरं सांगते, त्या क्षणीसुद्धा मला अभिमान वाटला. रिव्हॉल्व्हर डाव्या हातात गेलं, टरफलं खाली सांडली, उजवा हात पहिल्या खुंटीवर गेला. क्लिप भोकांवर टेकली आणि गेली नाही. लेंपीची क्लिप, आणि जात नाही! रीनोनं तळव्यानं दाबून ती आत कोंबली. चक्र मिटलं. चाप ओढला. काही नाही. पुन्हा ओढला.

“अरे, काय झालं हिला,” तो पुटपुटला. त्यानं चक्र उघडलं, क्लिप निघेना, तेव्हा पुन्हा दाबून मिटलं. बंदूक डाव्या हातात, आणि तो हात हळूहळू वळायला लागला. रीनो चक्राकडे बघत होता. आपलं मनगट वळतंय हे त्याला कळतच नव्हतं. नळी बांधावरून सरकली, खांबापाशी आली. गॉर्डीचं तोंड उघडलं होतं, पण आवाज फुटत नव्हता. आपल्या गुरूवर ओरडायचं कसं? नळी खांबाच्या अलीकडे आली आणि मला ते काळं भोक दिसलं. बाकावर माझ्या पलीकडे एका जोडप्याची लहान मुलगी सफरचंद खात होती.

“थांब!” वहिनी किंचाळली. “रीनो, थांब!”

मग गॉर्डी हलला. त्यानं रीनोचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि नळी बांधाकडे नेली. चक्र उघडून जोर लावून क्लिप बाहेर काढली. बार निघाला नव्हता. कुणालाही काही झालं नव्हतं.

“क्लिप वाकडी होती!” वहिनी रेघेवर धावत गेली. “माझी चूक आहे. मी तपासली नाही. त्याचा काही दोष नाही, गॉर्डी, सगळी चूक माझी!”

लेंपीची क्लिप वाकडी निघाली, हे कुणाला खरं वाटेना.

रीनोनं गॉर्डीच्या हातातून क्लिप घेतली आणि डोळ्यांजवळ धरली. पोलादावर पकडीच्या दातांच्या खुणा असणार. आयुष्य पंपांत घालवलेल्या माणसाला त्या दिसल्या नाहीत असं होणं शक्य नाही. त्यानं वहिनीकडे पाहिलं. ती रडत होती. त्यानं काडतुसं एकेक करून खाचांतून सोडवली, गॉर्डीकडे दिली, आणि चकती स्वतःच्या शर्टाच्या खिशात घालून बटण लावलं.

“लेंपीच्या क्लिपला काही झालेलं नाही,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “माझा डावा हात गेलाय. हिवाळ्यापासून. मी लपवलं.”

“रीनोकाका, जाऊ द्या, बंदूक अडली असं लिहितो,” गॉर्डी म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

“नळी कुठे गेली होती?”

गॉर्डी हातातल्या काडतुसांकडे बघत राहिला.

“खांबाच्या अलीकडे गेली होती. मग काय म्हणायचं असतं? शिकवलंय ना मी तुला? म्हण. मोठ्यानं म्हण, म्हणजे मागच्यांना कळेल.”

“नेमबाज बाद,” गॉर्डी म्हणाला.

“हं. असं.”

मी वहीत ते लिहिलं. नाव माझ्या भावाचं, अक्षर माझं. लिहिताना मला त्याचा राग आला होता, वहिनीचा आला होता, आणि ती मुलगी अजून सफरचंद खात होती म्हणून देवाचे आभारही मानत होते.

आता पट्टा काढायचा होता. रीनो बकलाशी झटायला लागला. उजवा हात एकटाच ओढत होता, डावा नुसता शेजारी. घरी हे तो स्नानघराचं दार लावून करत असणार. आम्ही सगळे उगाच इकडेतिकडे बघायला लागलो, कुणी माश्या हाकल्या, कुणी टरफलं वेचली. शेवटी त्यानं झटापट सोडून दिली.

“लेंपी,” तो म्हणाला, “जरा हे सोड गं.”

वहिनीनं नाक पुसलं. सगळ्यांदेखत खाली वाकून तिनं बकल सोडलं, पट्टा काढून स्वतःच्या खांद्यावर टाकला आणि त्याचा डावा हात हातात घेतला. दोघं गाडीकडे निघाले. थोडं चालून गेल्यावर रीनोनं मान वळवून खाली बघितलं, तिनं आपला हात अजून धरलाय का ते.