बसलेलं इंजिन

चष्मेवाल्यांना एकाच दिवशी दोघींनी वेड्यात काढलं होतं. एक त्यांची बायको, दुसरी बायकोची धाकटी बहीण. त्या दिवशी चष्मेवाले आणि त्यांचे साडू मिळून खोक्यांतून एक गाडी घरी घेऊन आले. खोक्यांतून म्हणजे अक्षरशः खोक्यांतून. सांगाडा, चाकं, पत्रे, वायरींची भेंडोळी, सगळं सुटं. घरी बसून जोडायचं आणि मग ऐटीत फिरायचं. इंजिन तेवढं आपलं आपण शोधायचं. गाडीत जागा दोनच. "म्हणजे त्यात तुम्ही दोघं बसणार," बायको म्हणाली होती, "आणि आम्ही बहिणींनी काय मागून पळायचं?"

पळायची वेळ कोणावरच आली नाही. गाडीला नुसती चाकं लागली होती, आणि त्याच हिवाळ्यात थोरली, चष्मेवाल्यांची बायको, गेली.

चष्मेवाल्यांचं चष्म्याचं दुकान होतं, ते त्यांनी बंद केलं. साडू सुतारकाम करायचे. दर सुट्टीला ते हत्यारांची पेटी घेऊन यायचे आणि दिवसभर गॅरेजमध्ये थांबायचे. गेलेल्या माणसाबद्दल चकार शब्द नाही. फक्त 'तो पाना द्या' आणि 'जरा इकडे धरा'. हा माणूस आला नसता तर त्या वर्षी आपलं काय झालं असतं, हे चष्मेवाल्यांना पक्कं ठाऊक होतं. पण जे पक्कं ठाऊक असतं ते माणूस बोलून दाखवतो थोडंच.

भांडण झालं ते इंजिनावरून. चष्मेवाल्यांचं म्हणणं, गिअरबॉक्स आधी सांगाड्यात बसवावा आणि मग इंजिन वरून सोडून त्याला नेऊन भिडवावं. चष्म्याच्या धंद्यातला माणूस. फ्रेम आधी नाकावर बसते का ते बघायचं, काचा नंतर. साडूंचं म्हणणं, दोन्ही बाहेर जमिनीवरच जोडून घ्यावं आणि जोडी तिरकी करून एकदमच आत सोडावी. लाकडातला माणूस. बिजागरी आधी दाराला, मग दार चौकटीला. आत गेल्यावर गिअरबॉक्सचा शाफ्ट इंजिनाला भिडवणं म्हणजे डोकेदुखी, साडू म्हणाले, एकाला पुढून इंजिन फिरवावं लागतं आणि दुसऱ्याला मागून ओढावं लागतं. चष्मेवाले म्हणाले, मग आपण दोघं आहोतच की. साडू म्हणाले, सोपं सोडून अवघडात शिरायचंच कशाला.

खरं सांगायचं तर दोन्ही तऱ्हेने इंजिनं बसतात. पण हे सांगायला तिथे तिसरं कोणी नव्हतं. पूर्वी असं काही पेटलं की थोरली चहाचे कप आणून मध्ये ठेवायची आणि दोघांची तोंडं आपोआप बंद व्हायची. आता चहा हवा तर दोघांपैकी एकाने उठायला हवं होतं, आणि जो उठेल तो हरला.

सगळं भांडण अहो-जाहोतच चाललं होतं. नातंच तसं. शेवटी चष्मेवाले म्हणाले, "गाडी माझी आहे."

साडूंनी बोळा घेऊन हात पुसले, एकेक बोट वेगळं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "तुमचीच आहे." मग पेटी उचलली आणि गेले. त्यानंतर ते आले नाहीत, आणि चष्मेवाल्यांनी बोलावलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर दोन दोन सुंभ.

मेव्हणीचा फोन मात्र यायचा. जेवलात का, औषध घेता ना, एवढंच. ती बोलू लागली की मागचा टीव्हीचा आवाज बारीक व्हायचा. टीव्ही कोण बारीक करतं ते चष्मेवाल्यांना कळायचं. मग तेही जरा मोठ्यानेच सांगायचे, की गाडीचं काम झकास चाललंय. काम अर्थातच तसूभर पुढे सरकलेलं नसायचं. इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात चादर पांघरून बसलेलं होतं, आणि घरात चष्मेवाले. एखाद्या दुपारी फोन वाजायचा आणि त्यांना हॅलो म्हणताना आवाजच फुटायचा नाही. मग लक्षात यायचं की सकाळपासून आपण एक अक्षर बोललेलो नाही.

शेवटी एके दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं. आज इंजिन बसवायचं, आणि एकट्याने बसवायचं. बसलं की साडूंचं म्हणणं खोटं ठरेल आणि त्यांच्यावाचून आपलं अडत नाही हे खरं ठरेल. एवढं खरं ठरलं की उरलेलं आयुष्यही असंच एकट्याने रेटता येईल. एका इंजिनावर त्यांनी भलताच बोजा टाकला होता.

सकाळीच त्यांनी छताच्या लोखंडी तुळईला चेनकप्पी अडकवली, इंजिनाला साखळ्या बांधल्या आणि ओढायला लागले. कडकड कडकड करत इंजिन जमिनीवरून सुटलं. वर जाताना ते हळूहळू गिरकी घेत होतं. एरवी अशा वेळी त्याच्यावर एक हात ठेवायला कोणीतरी असतं. चष्मेवाल्यांनी पाय लांब करून चपलेच्या टोकाने ते थांबवलं.

मग सांगाडा ढकलत इंजिनाखाली आणला. गिअरबॉक्स त्यांनी आधीच आत बसवला होता. त्याचा शाफ्ट, म्हणजे दाते असलेला लोखंडी दांडा, इंजिनावरच्या क्लचप्लेटच्या भोकात नेमका शिरायला हवा. प्लेट मधोमध राहावी म्हणून साडूंनी कधीकाळी एक लाकडी खुंटा घडवून त्या भोकात घालून ठेवला होता. चष्मेवाल्यांनी तो ओढला. खुंटा सुरकन निघाला, आणि प्लेट जागची हलली नाही. समोरच्याचं काम इतकं चोख असलं की त्याच्यावर राग धरणं फार जड जातं. चष्मेवाल्यांनी तो कसाबसा धरून ठेवला.

इंजिन खाली आलं, मागे सरकलं, आणि दोन बोटं अंतर राहिलं. पुढे जाईना. दात्यात दाता बसत नव्हता. दाते जुळवायला इंजिनाचा पुढचा नट फिरवावा तर मागून ओढायला कोणी नाही. मागून ओढावं तर इंजिन साखळीवर पाळण्यासारखं झुलायचं. चष्मेवाले पुढे गेले, किंचित फिरवलं, मागे आले, ओढलं. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. देवळातसुद्धा त्यांनी कधी इतक्या प्रदक्षिणा घातल्या नव्हत्या. शर्ट पाठीला चिकटला, गुडघे बोलू लागले. लांब बोल्ट लावून जबरदस्तीने आवळावं असंही एकदा मनात आलं. पण तसं केलं की प्लेट वाकते, हे साडूंनी इतक्यांदा बजावलं होतं की हात आपोआप मागे आला.

तेव्हा त्यांना पट्टा सुचला. टेम्पोवाले माल आवळायला वापरतात तो. त्यांनी तो इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्याभोवती गुंडाळून अगदी हलका ताण दिला. म्हणजे मागून ओढणारा माणूस झाला पट्टा. मग पुढे येऊन नटावर पाना ठेवला आणि केसभर फिरवला. आणखी केसभर. आणि एकदम, काही कुरकुर न करता, सगळं धूड आपणहून मागे सरकलं आणि खट्ट असा आवाज आला. फट मिटली. नखसुद्धा शिरेना.

बोल्ट हातानेच फिरत गेले. इंजिन आपल्या रबरी पायांवर उतरलं, साखळी सैल पडली. एकट्याने, चष्मेवाल्यांच्या पद्धतीने, ओरखडासुद्धा न उठता.

"आता बोला," चष्मेवाले मोठ्याने म्हणाले.

रस्त्यावरून एक सायकल गेली. चष्मेवाले पाना हातात धरून उभे होते. आता आनंद होईल मग होईल, म्हणून त्यांनी थोडी वाट पाहिली. तो झाला नाही. बायको गेल्यावर स्मशानातून परत आले होते तेव्हा घर जेवढं रिकामं वाटलं होतं, तेवढंच आत्ता हे गॅरेज वाटत होतं. तेव्हा निदान ते रिकामपण आपण केलेलं नव्हतं.

त्यांनी हात धुतले आणि फोन लावला. वाक्य तयार होतं. बसलं म्हणावं, एकट्याने बसवलं. मेव्हणीने फोन उचलला. आहेत का, त्यांनी विचारलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच विचारलं. तिकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला आणि फोनवर नुसता श्वास ऐकू येऊ लागला.

"बसत नाहीये," चष्मेवाले म्हणाले.

हे शब्द कुठून आले ते त्यांनाच कळलं नाही. पण आले ते आले, आणि परत घ्यावेसे वाटले नाहीत.

"शाफ्ट?" साडूंनी विचारलं.

"शाफ्टच."

"मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंत."

"बोल्ट लावून ओढलं नाहीत ना?"

"नाही नाही."

"आता दोन्ही बाहेर काढून जोडावं लागणार. दोघांचं काम आहे ते." साडू थांबले. त्यांच्या आवाजातला कोरडेपणा जरा कमी झाला होता. "जेवून निघतोच. तोवर कशाला हात लावू नका."

चष्मेवाल्यांनी फोन ठेवला आणि जवळजवळ धावतच गॅरेज गाठलं. साडू जेवायला फार वेळ लावत नाहीत हे त्यांना चांगलं माहीत होतं. जे बोल्ट मघाशी एवढ्या मायेने आवळले होते, ते आता दोन्ही हातांनी भराभर सोडायला घेतले. एक बोल्ट घरंगळत गाडीखाली गेला. चष्मेवाले पोटावर सरपटत त्याच्या मागे गेले. साखळ्या पुन्हा बांधल्या, कप्पी ताणली. पण इंजिन काही सुटेना. ते आता आपल्या जागी सुखाने बसलं होतं. चष्मेवाल्यांनी त्याला विनवलं, हलवलं, पहारीचं टोक सांध्याला लावून अलगद उचकटलं आणि शेवटी एक सणसणीत शिवीही दिली. त्याबरोबर ते सुटलं. पुढे झोकांडलं, चष्मेवाल्यांच्या छातीवर टेकलं आणि थांबलं. दोन्ही हातांनी त्याला धरून ते तसेच धापा टाकत राहिले.

मग पट्टा गुंडाळून खोक्यामागे लपवला. गिअरबॉक्स आत आणि इंजिन बाहेर, मध्ये वीतभर अंतर. न बसलेलं इंजिन अगदी असंच दिसतं.

बाहेर फाटकाची कडी वाजली. जड पेटी पायरीवर टेकवून पुन्हा उचलल्याचा आवाज आला. चष्मेवाले घाईघाईने इंजिनापाशी जाऊन उभे राहिले. इतक्या खटपटीनंतर हरलेल्या माणसाचा चेहरा पडलेला दिसायला हवा होता. पण तो काही केल्या पडेना.